बोलेरोची विभूती : पॉलिशनंतरच्या सफाईच्या नोंदी

२९ मार्च २०२५, शनिवार

गाडी अप्पांची. २००९ ची बोलेरो, रंग मरून, बंपर, दारांवरच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी काळ्या प्लॅस्टिकच्या. उद्या पाडवा. हार घालायच्या आधी गाडी चमकवायची असं महिनाभर नुसतं बोलणं चाललं होतं, मुहूर्त लागला तो आज दुपारी. गॅरेजवाल्या मिस्त्रीकडून बफिंग मशीन दिवसभरासाठी मागून आणलं, रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून चमकवायच्या लेपाचा, डबा आणला आणि दोन ते साडेपाच अंगणात उभं राहून बॉनेट, टप, चारही दारं, मागचं दार, सगळं उरकलं. सावली फक्त शेवग्याची, म्हणजे नसल्यात जमा. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

रंग मात्र असा उजळला की बॉनेटमध्ये शेवग्याच्या शेंगा मोजून घ्याव्यात. अंधार पडता पडता मशीन परत देऊन आलो. जेवलो, आडवा झालो.

३० मार्च, पाडवा

अप्पांचा मोतीबिंदू फेब्रुवारीत काढला. त्याआधी दोन वर्षं त्यांना गाडीवरचा ओरखडासुद्धा दिसत नव्हता, आता गल्लीच्या टोकाचा नंबर वाचून दाखवतात. गुढी उभारून झाली, हार घेऊन बाहेर आले आणि गाडीपुढं थांबले.

"काय रे, हिला विभूती कुणी फासली?"

बघतो तर खरंच. काळ्या बंपरवर पांढरे शिंतोडे. दारांच्या पट्ट्यांच्या वरच्या कडेला पांढरी रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. मूठ जिथं दाराला बसते तिथं पांढरं, नावाच्या अक्षरांच्या पोटात पांढरं, काचेच्या रबरात, बिजागऱ्यांत, वायपरखालच्या जाळीत पांढरं. काल संध्याकाळच्या उजेडात यातलं काहीच दिसलं नव्हतं. किंवा मी फक्त बॉनेट बघत होतो.

हार घातला. सणाचा दिवस, अप्पा पुढं काही बोलले नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

कामावरून आल्यावर ओलं फडकं घेऊन पुसायला बसलो. पाच मिनिटांत बंपर काळा कुळकुळीत. म्हटलं, एवढंच होतं तर! हातपाय धुतले, चहा घेतला, बाहेर आलो तर पांढरं जिथल्या तिथं. परत पुसलं, परत तेच.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात एकोणीस वर्षं झाली. ओल्या कापडाची शेड, म्हणजे रंगछटा, आमच्याकडं कुणी बघत नाही. ओलं कापड गडदच दिसणार. पाणी खाचाखोचांत भरलं की उजेड विखुरत नाही, आत शिरतो आणि रंग खोल वाटतो. रंगाऱ्यानं ओला नमुना आणून "बघा, जुळला" म्हटलं तर आम्ही त्याला वाळवून आणायला सांगतो. इथं मी स्वतःच ओला नमुना पास करून चहा प्यायला गेलो.

वहीत नियम लिहून ठेवला : पूर्ण वाळल्याशिवाय निकाल नाही.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

खात्यातला पिक ग्लास घरी आणला होता. घडीचं छोटं भिंग, खाली एक इंचाची चौकट. ती कापडावर ठेवायची आणि इंचात किती धागे आहेत ते मोजायचं. आज चौकट बंपरवर ठेवली.

लांबून गुळगुळीत वाटणारं प्लॅस्टिक भिंगाखाली सीताफळासारखं निघालं. वर काळे डोळे, आणि डोळ्यांमधल्या खाचांत पांढरं भरलेलं. फडकं नुसतं डोळ्यांवरून फिरत होतं, खाचेत उतरतच नव्हतं. मी पुसायला घेतलेला टॉवेल आमच्याच कारखान्याचा, सेकंडमधला. टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरचं नाव त्यानं राखलंय, सगळं खरं. पण तो अंग पुसायला विणलेला असतो. त्याचा लूप, म्हणजे वर उभा राहणारा धाग्याचा फास, या खाचेपेक्षा कितीतरी मोठा. शिवाय नव्या टॉवेलवर सॉफ्टनर असतो, तो चार धुण्यांशिवाय नीट पाणी पीत नाही, आणि तंतू सोडतो ते वेगळंच. भिंगाखाली खाचेत दोन निळे तंतूही अडकलेले दिसले. आपलाच माल, ओळखला.

मग गाडीभर भिंग घेऊन फिरलो. शेजारच्या मावशींनी गच्चीवरून विचारलं, काय हरवलं का म्हणून.

फिरताना एक गोष्ट लक्षात आली, तिचा अर्थ मात्र अजून लागलेला नाही. पांढरं सगळीकडं सारखं नाही. दारांच्या पट्ट्यांवर ते खाचांत आहे. बंपरच्या वरच्या सपाट भागावर खाचांत आहेच, पण डोळेसुद्धा राखाडी पडलेत. आणि मागच्या कमानीवर गोल गोल कडी आहेत, कड गडद पांढरी आणि मधे फिकट. कंपाउंडचा शिंतोडा असा दिसत नाही. तो मधे जाड असतो.

८ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रीकडं गेलो. तो हसला आधी.

"ओ मालक, टेप न लावता मशीन कोण फिरवतंय? अन् उन्हात?"

मग त्यानं सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण तो रोज हेच करतो. कंपाउंड पॅडवर वाटाण्याएवढं घ्यायचं, पॅड पत्र्याला टेकवून हातानं पसरायचं, मग मशीन हळू चालू करायचं आणि नंतर वेग वाढवायचा. मी पॅडवर डोसाभर पीठ ओतावं तसं ओतलं होतं आणि हवेतच मशीन चालू केलं होतं. ते उडालं, तापलेल्या पत्र्यावर पडलं, पाणी मिनिटात उडून गेलं आणि भुकटी चिकटली. कडेची रेघ कशी झाली तेही त्यानं बोटानं दाखवलं. फिरता पॅड कडेला आपटला की कंपाउंड फटीत कोंबलं जातं, भिंतीला लांबी भरावी तसं.

उपाय मात्र त्यानं दोनच सांगितले. रॉकेल मारा, नाहीतर टायरला लावतात ते काळं पॉलिश मारा. रॉकेल नको. वास आठवडाभर राहतो, रबराला ते सोसत नाही आणि मागं तेलकट थर ठेवतं. काळं पॉलिश म्हणजे मंगळवारचं ओलं फडकंच, फक्त वाळायला महिना घेणारं. नको म्हटलं.

थिनरबद्दल विचारलं तर त्यानं कानाला हात लावला. एकानं थिनरनं हेडलाइटची काच पुसली होती म्हणे. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या.

येताना सात रस्ता चौकातून मास्किंग टेप घेतली, कंपाउंड लागू नये म्हणून प्लॅस्टिकवर आधीच चिकटवायला हवी होती ती.

१३ एप्रिल, रविवार

पहाटे साडेपाचला सुरुवात. आज मुख्य काम, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे पांढरं आहे काय याचा विचार केला. कंपाउंडमध्ये घासणारी भुकटी असते, बहुतेक अॅल्युमिनियम ऑक्साइड, पॉलिश पेपरवरही तेच असतं. ती भुकटी तेल, मेण आणि पाणी यांत कालवलेली. पाणी उडालं, भुकटी आणि मेण राहिलं. भुकटी पाण्यात विरघळत नाही, साबणात नाही, स्पिरिटमध्येही नाही. विरघळतं ते तिला धरून ठेवणारं मेण. म्हणजे कामं दोन : मेण सोडवायचं आणि सुटलेली भुकटी उचलून गाडीबाहेर काढायची. पहिलं करून दुसरं विसरलं तर भुकटी या खाचेतून त्या खाचेत जाते. मी तेच करत होतो.

सामान : अप्पांचा जुना दाढीचा ब्रश, मऊ दातांचे तीन टूथब्रश, दोन मायक्रोफायबर फडकी, दोन बादल्या, भांडी घासायचा लिक्विड साबण. आणि सॅनिटायझर. २०२० मध्ये कारखान्याच्या गेटवर ठेवायला आणलेल्या कॅनमधला अर्धा कॅन माझ्याकडं पडून होता. लेबलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५, ग्लिसरॉल १.४५. जागतिक आरोग्य संघटनेचं ठरलेलं माप. मेण सोडवायला अल्कोहोल चांगलं, ते आयतं घरात निघालं. निम्मं पाणी घालून स्प्रे बाटलीत भरलं. आईनं तुळशीपुढचा दिवा लावायला घेतला होता, तिला थांबवलं. तासभर दिवा नको, ही बाटली पेट घेते. "मग तू लवकर उरक," म्हणाली.

टेप यावेळी लावली, पण उलट्या कामाला. रंगाच्या बाजूनं पट्टी चिकटवली, म्हणजे ब्रशबरोबर निघालेली भुकटी रंगावर घासली जाणार नाही आणि अल्कोहोलही रंगावर जाणार नाही.

पहिली जागा मुद्दाम न दिसणारी, मागच्या बंपरचा खालचा कोपरा. तिथं प्लॅस्टिकला काही होत नाही हे बघून पुढं.

क्रम असा बसला. कोमट साबणपाणी दाढीच्या ब्रशनं लावून फेस होईपर्यंत गोल गोल फिरवायचं. यानं सुटी भुकटी जाते. ती मगानं पाणी ओतून घालवायची, पुसायची नाही. मग अल्कोहोल वीतभर जागेवरच मारायचं, टूथब्रशनं दोन्ही दिशांनी घासायचं आणि ओलं असतानाच फडक्यानं दाबून उचलायचं. घासायचं नाही, टिपायचं, शाई टिपतात तसं. फडक्याची बाजू दर वेळी बदलायची. मी फडक्याच्या घड्या घालून आठ बाजू केल्या होत्या, आठवी संपली की बादलीत. शेवटी परत साबणपाणी, परत पाणी.

वीतभरच का, तर उन्हाळ्यात सहा वाजताही अल्कोहोल डोळ्यांदेखत उडतं. मी एकदा पूर्ण पट्टीवर मारलं. दुसऱ्या टोकाला ब्रश पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून मेण परत बसलं, आधीपेक्षा सारखं पसरून. बघायला वाईट नव्हतं, पांढऱ्याऐवजी धुरकट.

सुकायला अर्धा तास दिला. मग भिंग. खाच काळी. मी तिथंच उकिडवा बसून दुसरी खाच बघितली, तिसरी बघितली. सगळीकडं नाही, पण दहातल्या आठ काळ्या. राहिलेल्या दोन दुसऱ्या फेरीत.

एक अडचण. वाळल्यावर बोटाला किंचित चिकट लागत होतं. ते ग्लिसरॉल, हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये घालतात. गाडीला त्याची गरज नाही. पाण्यात विरघळतं, शेवटचं पाणी सढळ हातानं घेतलं की जातं. पण सढळ पाणी आणायचं कुठून? आमच्या भागात नळाला चार दिवसांनी पाणी, आज तिसरा दिवस. बोअरचं वापरलं. याचं पुढं काय झालं ते पुढं येईलच.

नऊ वाजता थांबलो. पुढचा बंपर आणि डाव्या बाजूच्या पट्ट्या झाल्या. प्लॅस्टिक तापलं की काम करायचं नाही हे मार्चमध्ये शिकलोय.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. चौकात निळे झेंडे, सकाळपासून स्पीकरची तपासणी चालू, हॅलो हॅलो वन टू थ्री. आज फटी.

सपाट प्लॅस्टिकपेक्षा फटीचं काम संथ, पण मला आवडलं. ब्रश जिथं जात नाही तिथं जायला खराट्याची हीर. नारळाच्या पानाची ही काडी वाकते, मोडत नाही, आणि टोक दाताखाली चावून मऊ केलं की बारीक कुंचलाच होतो. नागडी हीर रंगावर ओढायची नाही, टोकाला मायक्रोफायबरची चिंधी गुंडाळायची. आई म्हणाली, खराटा उसवू नको, नवीन आहे. तीन काढल्या, तिला एकच सांगितली.

नावाच्या अक्षरांमध्ये भरलेलं लांबीसारखं घट्ट झालं होतं. अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अक्षरावर दोन मिनिटं दाबून धरला, मग हीर. ‘ओ’च्या पोटातून पांढरा गोळा अख्खा निघाला, मुगाच्या डाळीएवढा. अक्षरं नुसत्या डिंकावर चिकटवलेली असतात, म्हणून फार भिजवायचं नाही आणि मागून दोरा घालून ओढायचं तर मुळीच नाही. ती पद्धत अक्षर काढून टाकायची आहे.

काचेच्या रबराला अल्कोहोल टाळलं, साबण आणि टूथब्रशच. रबराची ओठासारखी कड बोटानं उचलायची, आत बघायचं. वरून दिसत होतं त्याच्या तिप्पट आत होतं.

वायपरखालच्या जाळीत दाढीचा ब्रश उभा खुपसून फिरवला. पाणी मारायला मुलीच्या औषधाची मोठी सिरिंज, बिनसुईची. तिला हे काम फारच आवडलं, जाळीपेक्षा माझ्यावर जास्त पाणी.

दाराच्या बिजागऱ्यांत नुसतं पांढरं नव्हतं, कंपाउंड आणि जुनं ग्रीस यांचं मळलेलं पीठ होतं. घासणारी भुकटी आणि फिरता सांधा हे एकत्र राहू देणं बरं नव्हे. सगळं ग्रीस चिंधीनं काढलं, धुतलं, वाळल्यावर नवीन ग्रीसचं बोट फिरवलं. डावं पुढचं दार पाडव्यापासून कुरकुरत होतं ते थांबलं. मी तेव्हा वयावर घातलं होतं. गाडीच्या.

संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन. त्याला सगळी हकिगत सांगितली तर म्हणे, दादा, पीनट बटर लावून बघ, मेणाचे डाग जातात. आमच्या घरात पीनट बटर नाही. शेंगाचटणी आहे, पण तिच्यात लसूण आणि तिखट. ही म्हणाली, "दाण्याचा कूट देऊ का वाटून?" वाटून दिला. मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत. उजव्या मागच्या पट्टीवर चार बोटं जागेत लावला, टूथब्रशनं घासला, पुसला. खरंच पांढरं गेलं. कूट बारीक घासतो, तेल मेणाला मऊ करतं, तर्क पटतो. रात्री जेवताना मी भावाची बाजू घेतली.

१५ एप्रिल, मंगळवार

मुंग्या. फाटकापासून चाकावर, चाकावरून कमानीवर, कमानीवरून थेट पट्टीपर्यंत रांग. खाचाखाचांत राहिलेला कूट वेचून चालल्या होत्या. अप्पा काठी टेकून शांतपणे बघत होते.

"असू दे," म्हणाले, "तुझ्यापेक्षा बारीक काम करतायत."

साबणपाण्यानं धुतलं. वाळल्यावर निम्मं पांढरं परत दिसायला लागलं. म्हणजे निम्मं गेलं होतं आणि निम्मं तेलानं झाकलं होतं. भावाला फोटो पाठवला, मुंग्यांचा.

२० एप्रिल, रविवार

उजवी बाजू आणि मागचा बंपर तेराच्याच पद्धतीनं झाले. त्याचं वेगळं लिहीत नाही.

आज लिहायचंय ते वेगळ्या कारणानं. डाव्या बाजूला, जिथं तेरा तारखेला खाच काळी बघितली होती, तिथं परत पांढरं आलंय. पंचवीस मिनिटं अल्कोहोल आणि ब्रश. ढिम्म. मला वाटलं हात विसरला की काय. भिंग ठेवलं तर कडी. गोल गोल, कड गडद, मधे फिकट. मागच्या कमानीवर सहा तारखेला दिसली होती तशीच.

डोक्यात उजेड पडला तो बादलीकडं बघून. बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा असतो तोच हा. बोअरचा क्षार. थेंब वाळताना क्षार कडेला गोळा होतो, म्हणून कडं. त्याला अल्कोहोल काय करणार? व्हिनेगर समप्रमाणात पाण्यात घालून बोळ्यानं ठेवलं, दोन मिनिटांत कडी गायब. लगेच भरपूर पाण्यानं धुतलं, नळाच्या, आजच आलं होतं. कमानीवरची जुनी कडीही तशीच गेली. ती पॉलिशची नव्हतीच, वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यानं गाडी धुतल्याची होती. पॉलिशच्या पांढऱ्यावर व्हिनेगर लावून बघितलं, मुद्दाम उजव्या बाजूच्या राहिलेल्या एका फटीत. काही फरक नाही.

राहिला पुढच्या बंपरचा वरचा सपाट भाग. तिथं तीन फेऱ्या अल्कोहोल, एक व्हिनेगर झालं. खाचा काळ्या झाल्या, डोळे राखाडी ते राखाडीच. मुलीचं पांढरं खोडरबर घेतलं. खोडरबरानं खरखरीत प्लॅस्टिकवरचं मेण निघतं, रबराचे वळ मेण घेऊन गळतात. पट्टीच्या एका हट्टी डागावर ते छान चाललं होतं, पेन्सिल खोडल्यासारखं. इथं काही नाही. कोरडं बोट फिरवलं तर बोटाला राखाडी पीठ.

म्हणजे हे वरून लागलेलं काही नाही, हे प्लॅस्टिकच आहे. सोळा वर्षं सोलापूरचं ऊन थेट अंगावर घेतलेला हा एकच भाग, बाकी सगळं उभं किंवा सावलीत. उन्हानं वरचा थर फुटून त्याचं पीठ झालंय. कंपाउंड वरून पडलं आणि तळाशी बसलं, म्हणून खाचेत. ऊन वरून आलं आणि आधी डोळ्यांवर पडलं. सहा तारखेला हेच दिसलं होतं, वाचता आलं नव्हतं.

वहीत तीन ओळी : खाचेत भरलेलं, अल्कोहोलनं जातं, ते पॉलिश. कडी असलेलं, व्हिनेगरनं जातं, ते पाणी. डोळ्यांवरचं, बोटाला लागतं, कशानंच जात नाही, ते ऊन.

मिस्त्री म्हणतो हीट गनची, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राची, धग दिली की काळं होतं. होतं, मी त्याच्याकडं बघितलंय. वरचा थर वितळून बसतो, काही महिने छान दिसतं, आणि हात एक क्षण जास्त रेंगाळला तर बंपरला फोड. बंपर अप्पांचा आहे. मी करणार नाही. ट्रिमला, म्हणजे गाडीवरच्या या काळ्या प्लॅस्टिकला, लावतात ते काळं द्रव्य तिथं लावलं, फक्त तिथं. आता खाली झाकायला काही उरलेलं नाही, त्यामुळं लावायला हरकत वाटली नाही.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

अप्पा आईला घेऊन अक्कलकोटला जाऊन आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच स्वतः चालवत. परत आल्यावर गाडीविषयी एक शब्द नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मात्र सांगितला.

खर्च : मास्किंग टेप ६०, टूथब्रश ७५, मायक्रोफायबर फडकी १८०, व्हिनेगर ४०, ट्रिमचं द्रव्य ३५०, नवं खोडरबर ५. मुलीनं तिचं परत घ्यायला नकार दिला.

१४ मे, बुधवार

संध्याकाळी वळीव. धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग वीस मिनिटं दणकून. पाऊस थांबल्यावर गाडी बघायला गेलो तर उजव्या मागच्या दारावरून, टपापासून खालपर्यंत, दुधाचा ओघळ. एकच. बोटभर रुंद.

मी उभाच राहिलो. ते कुठून आलं हे समजायला वेळ लागला नाही. टपाच्या कडेनं पन्हाळीसारखी पट्टी जाते, पावसाचं पाणी तिच्यातून मागं वाहतं. मी तिच्यात वरून बघितलं होतं, साफ होती. ती मागं जिथं रबराखाली वळून संपते तिथं बघितलं नव्हतं. मार्चमध्ये टपावर मशीन फिरवताना उडालेलं सगळं दीड महिना तिथं दबा धरून होतं.

ओघळ रात्रीच साध्या पाण्यानं काढला. वाळू दिला असता तर रविवार गेला असता.

१८ मे, रविवार

स्टूल घेतलं. रबराचं टोक हळूच उचललं, खाली आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढी जागा, आणि ती भरलेली. हीर, अल्कोहोल, हीर. मग सिरिंजनं पाणी पुढून सोडलं आणि मागं वाटी धरली. पहिली वाटी ताकासारखी, दुसरी निवळीसारखी, तिसरीत तळ दिसला. चौथी सोडून बघितली, तीही तशीच. डाव्या बाजूला पहिल्याच वाटीत तळ दिसला, तिकडचं आधीच वाहून गेलं असणार.

रबर बसवलं. वाळायला अर्धा तास दिला. तेवढ्यात अप्पा आले, स्टुलावर चढायला निघाले, त्यांना खाली थांबवून मीच दार उघडून धरलं. त्यांनी पन्हाळीच्या टोकाशी बोट घातलं, बाहेर काढून उन्हात धरून बघितलं, आणि धोतराला पुसलं.